गुळाचा खडा, एकेचाळीस नंबर आणि गोठ्यातलं रजिस्टर

ताई, नमस्कार.

मी करवीर तालुक्यातल्या एका गावचा. वय २४, बीएस्सी झालोय. घरी चार म्हशी आहेत, त्यांच्यातच वाढलो. दीड वर्षापूर्वी शहराबाहेरच्या एका पशुसंशोधन केंद्रात एजन्सीमार्फत पशुपरिचर म्हणून लागलो. गाई, म्हशी आणि थोडी मेंढरं आहेत. सहा म्हशींच्या डाव्या कुशीला शस्त्रक्रिया करून बूच बसवलंय. त्यातून पोटातला रस काढतात, चाऱ्याच्या पिशव्या आत सोडतात. त्या सहाजणींचं सगळं माझ्याकडं आहे.

त्यातली एकेचाळीस नंबर पंढरपुरी आहे. माझा आवाज आला की रेकते. मी तिला कुणाच्या नकळत गुळाचा खडा देतो. आता दोन-तीन महिन्यांत प्रयोग संपणार असं कानावर आलंय. पुढं तिचं काय होणार, कुणी सांगत नाही. रात्री झोप लागत नाही. आजी म्हणते, “मुक्या जनावराच्या पोटाला भोक पाडणाऱ्यांची चाकरी करतोस, तळतळाट लागंल.” गावातली पोरं म्हणतात, डिग्री घेऊन शेणच काढायचं होतं तर घरचं काय वाईट होतं. आमच्यातले एक जुने कामगार जनावर हलेना की शेपूट पिरगाळतात, काठी मारतात. ते वडिलांच्या वयाचे आहेत, मला बोलायचं धाडस होत नाही. नोकरी सोडू का?

— एक वाचक, करवीर तालुका


बाळा,

आधी गुळाचं बोलते. तुझ्या पत्रात ती ओळ तू अगदी जाता जाता लिहिली आहेस, पण माझं बोट तिथंच थांबलं. उद्यापासून तो खडा बंद कर.

तुझी माया कळते मला. पण त्या म्हशीच्या कोटीपोटात, म्हणजे चारा आंबतो त्या मोठ्या पोटात, काय चाललंय, हेच तर तिथं मोजतात. कोणता चारा किती तासांत किती विरघळला, आतला रस किती आंबट झाला, हे पाहायला तिच्या कुशीला बूच बसवलंय. गूळ पोटात गेला की भराभर आंबतो. तुझा खडा सुपारीएवढा असेल तर फारसं बिघडलंही नसेल, पण ते तू किंवा मी ठरवायचं नाही. सहाच जनावरं आहेत. एकीचे आकडे विचित्र आले तर सगळा प्रयोग पुन्हा करावा लागेल. म्हणजे पुन्हा पिशव्या, पुन्हा पहाटेचा रस, पुन्हा त्याच सहाजणी. आणि चूक कुणाच्या लक्षातच आली नाही तर चुकीचा आकडा छापला जाईल आणि उद्या कागलचा कुणी शेतकरी त्यावर विसंबून वैरण ठरवेल. तिनं जे सोसलं ते फुकट जाईल. म्हणून बंद कर, आणि आजवर दिलास तेही तिथल्या पशुवैद्यांना सांगून टाक. साधारण कधीपासून, दिवसाकाठी केवढा. बोलणी बसतील. बसू देत.

मायेला दुसरी वाट आहे. मानेखालचा आणि कानामागचा भाग हातानं, मग ब्रशनं खाजवून दे. रोज ठराविक वेळी, दोन-तीन मिनिटं. मान लांब करून ती तुझ्या हातावर भार टाकेल. गुळापेक्षा तिला हे आवडतं की नाही, तूच बघ. फक्त पंढरपुरीची शिंगं ध्यानात ठेव. ती मागं खांद्यापर्यंत गेलेली असतात. माशी हाकलायला तिनं नुसती मान झटकली तरी खांद्यापाशी उभ्या माणसाच्या बरगडीत टोक बसतं. तिच्या मनात काही नसतं, पण बरगडी मोडते.

आता झोपेचं. नोकरी सोडू का, असा तुझा प्रश्न आहे. मी आज तरी सोडू नको म्हणते, पण त्याला अटी आहेत. त्या सांगण्याआधी माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगते. ती मी फार कुणाला सांगितलेली नाही.

पशुवैद्य झाल्यावर पहिली काही वर्षं मी एका संशोधन संस्थेच्या गोठ्यावर होते. तिथं एक परिचर होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. चौथीपर्यंत शिकलेले. एकदा सकाळी मला म्हणाले, “ताई, ती तांबडी आज उताराला बिचकतीया.” मी ताप बघितला, नेहमीसारखा होता. वैरण थोडी उरली होती, पण रोज कुणाची ना कुणाची उरतेच. मी रजिस्टरात ‘सर्व ठीक’ लिहिलं आणि पुढं गेले. मामा पुन्हा बोलले नाहीत. साहेब लोकांना एकच गोष्ट दोनदा सांगायची नाही, असं त्यांना आयुष्यानं शिकवलं होतं. नवव्या दिवशी गाईच्या गळ्याखाली पाणी उतरलं, बाराव्या दिवशी ती गेली. शवविच्छेदनात बोटभर लांबीची तार निघाली. कडबाकुट्टीतून पोटात गेलेली, जाळीपोट फोडून थेट हृदयाच्या पिशवीत शिरलेली. तार टोचणारं जनावर उतारावर चालायला बघत नाही, कारण उताराला पोटाचा सगळा भार पुढं येतो. कोपरं बाहेर काढून उभं राहतं, बसताना कण्हतं. हे सगळं पुस्तकात असतं आणि मी ते वाचलेलं होतं. मामांनी पुस्तकाशिवाय पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. त्या दिवशी तोंडातून लोहचुंबक सोडलं असतं, पुढचा भाग उंच करून तिला बांधलं असतं, तर तिला संधी होती. मामांचं बोलणं हवेत विरलं. कागदावर माझं ‘सर्व ठीक’ राहिलं.

म्हणून पहिली अट अशी, की तू जे पाहतोस ते रोज लिहायचं. तुमच्या गोठ्यात रजिस्टर असेलच. मोठ्या जनावरांच्या प्रयोगांत ते असावंच लागतं. आणि त्यात बहुधा ‘चारा दिला, पाणी दिलं, साफसफाई केली’ एवढंच दिसत असेल. तू नीट लिहायला लाग. ‘खात नाही’ असं लिहू नको. ‘सकाळच्या वैरणीतली अंदाजे चार किलो उरली, उसाचं वाडं खाल्लं, कडबा टाकला’ असं लिही. ‘सुस्त आहे’ लिहू नको. ‘९ ते ९.३० बसून होती, रवंथ केली नाही, कान पडलेले’ असं लिही. निरोगी जनावर दिवसाचे सहा-आठ तास रवंथ करतं, तेव्हा अर्धा तास जबडा हलला नाही म्हणून लगेच घाबरायचं नाही. दुपारी पुन्हा बघायचं आणि तेही लिहायचं. डाव्या कुशीवर मूठ दाबून धर. मिनिटाला एक-दोनदा आतून लाट येऊन मूठ वर उचलली जाते. तुझ्या सहाजणींत हे तुला कुणाहीपेक्षा चांगलं कळेल. बुचाच्या कडेनं रस झिरपतोय का, कातडी लाल झालीय का, पावसाळ्यात माशांनी अंडी घातलीत का, कावळे येऊन टोचतात का, हेही रोज लिही. खाली वेळ आणि सही.

हा माझा आग्रह म्हणून सोडून देऊ नको. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या १७ व्या कलमात प्रयोगातल्या जनावरांची प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतरही नीट काळजी घेतली जावी असं म्हटलंय, आणि योग्य नोंदी ठेवाव्यात असंही म्हटलंय. लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठी जनावरं वापरू नयेत, हेही त्याच कलमात आहे. त्या नोंदी कुणाच्या हातच्या असणार? संशोधक आठवड्यातून चारदा येत असेल. गव्हाणीपाशी रोज तू असतोस.

आता एकेचाळीस नंबर.

तुझी भीती अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही. राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली, पण म्हशीला ते कवच नाही. पण ती बाजारातली म्हैस नाही, प्रयोगातली आहे, आणि इथं नियम तुझ्या बाजूचे आहेत. मोठ्या जनावरांवरच्या अशा प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीशिवाय केंद्राच्या समितीचीही परवानगी लागते. ती समिती पूर्वी सीपीसीएसईए म्हणून ओळखली जायची, आता सीसीएसईए म्हणतात. परवानगी मागतानाच प्रयोग संपल्यावर जनावराचं काय करणार, हे लिहून द्यावं लागतं. पुनर्वसन ही प्रयोग करणाऱ्याची जबाबदारी असते आणि तिचा खर्च प्रकल्पातच धरायचा असतो. म्हणजे एकेचाळीस नंबरचं उत्तर एका कागदावर आजच लिहिलेलं असायला हवं. तुला ते कुणी सांगितलेलं नाही, एवढंच.

तर प्रयोग करणाऱ्या संशोधक मॅडमना विचार. रडवेल्या आवाजात नको, भांडत नको. “मॅडम, प्रयोग संपल्यावर या सहा म्हशींचं पुढं काय करायचं मंजूर झालंय? मला आधी कळलं तर त्यांच्या खाण्यातला बदल हळूहळू करता येईल.” प्रश्न कामाचाच आहे, आणि खराही आहे. पोटाला बूच असलेल्या म्हशी वर्षानुवर्षं जगतात, रवंथ करतात, गाभण राहतात, वितातसुद्धा. पुष्कळ ठिकाणी अशी जनावरं पुढच्या प्रयोगासाठी ठेवतात, नाहीतर बूच काढून कूस शिवून घेतात. उत्तर मिळालं नाही तर संस्थेच्या समितीत बाहेरचा एक वैज्ञानिक असतो, विज्ञानाशी संबंध नसलेला एक सामाजिक सदस्य असतो, केंद्राचा एक प्रतिनिधी असतो. ही मंडळी गोठा बघायला येतात. तेव्हा परिचराशी बोलायला त्यांना कुणी अडवू शकत नाही.

आणि समज, उत्तर वाईट आलं. आजार, असह्य दुखणं किंवा प्रयोगाचाच भाग म्हणून एखाद्या जनावराला कायमचं झोपवायचं ठरलं. असं होतं. त्या दिवशी हजर राहायचं की नाही, हे तुला आधी विचारलं जावं, अशी मागणी कर. माझा अनुभव असा, की ओळखीचा माणूस डोक्यापाशी उभा असला की जनावर शेवटपर्यंत शांत राहतं. पण तुला ते झेपणार नसेल तर राहू नको, त्यात भित्रेपणा नाही. वाईट एवढंच, की सुट्टीवरून परत यावं आणि दावं रिकामं दिसावं. ते माझ्या वाट्याला आलंय. तुझ्या येऊ नये.

आजींचं बोलणं मी झटकून टाकणार नाही. जनावरानं हे मागितलेलं नव्हतं, हे खरंच आहे. शस्त्रक्रिया भूल देऊन होते, जखम काही आठवड्यांत भरते, पण तिला विचारून कुणी केली नाही. याला तळतळाट म्हण की ऋण म्हण, काहीतरी आपल्या अंगावर असतंच. मी ऋण म्हणते, कारण ऋण फेडता येतं.

आजींना वाड्याची गोष्ट सांग. दिवाळीनंतर कारखाने पेटले की सगळा जिल्हा चार-पाच महिने जनावरांपुढं उसाचं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, टाकतो. फुकटात मिळतं, जनावर आवडीनं खातं. पण वाड्यात ऑक्झलेट असतं आणि ते अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. नुसत्या वाड्यावर ठेवलेली म्हैस व्याल्यावर बसते, उठत नाही, दूध आटतं. म्हणून वाड्याबरोबर कडबा आणि खनिज मिश्रण द्यायला सांगतात. कोणता चारा पोटात किती पचतो, कशाबरोबर काय दिलं की निभतं, हे तुझ्या सहाजणींसारख्यांच्या पोटात सोडलेल्या पिशव्यांनीच कळतं. आजींच्या चार म्हशी त्या कष्टांचंच खातात. आणखी एक विचार त्यांना. भांगलताना भावकीतल्या कुणाला साप चावला आणि कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात नेल्यावर इंजेक्शननं वाचला, असं घर आपल्याकडं विरळा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांच्या विषावरचं ते इंजेक्शन घोड्याच्या रक्तातून येतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या अंगात प्रतिकार तयार करतात, मग मानेच्या शिरेतून रक्त घेतात. महाराष्ट्रात मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे काम अनेक दशकं झालं. त्या घोड्यांनाही कुणीतरी रोज खरारा करतं, त्यांचे खूर बघतं, आज रक्त द्यायला घोडा ठीक नाही असं म्हणतं. तो माणूस हळवा असावा की निबर, आजींनाच ठरवू दे.

शेपूट पिरगाळणाऱ्या काकांबद्दल मला तुझ्याइतकाच राग आहे. शेपटीत मणके असतात, ते निखळतात आणि दुखतात. शिवाय घाबरलेलं जनावर पान्हा चोरतं, वैरण टाकतं, त्याच्या रक्तातले आकडे बदलतात. म्हणजे कामही बिघडतं. पण त्यांच्याकडं जरा नीट बघ. किती जनावरं दोघांत असतात? वजनाला, खोड्यात घ्यायला किती मिनिटं देतात? मी असे बरेच पाहिलेत. त्यातल्या बहुतेकांना कधी कुणी शिकवलेलंच नव्हतं आणि वेळ कायम कमी होता. एकदा दोघं मिळून जनावर हलवा आणि त्यांना करून दाखव. गाई-म्हशींना जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, फक्त बरोबर पाठीमागचं दिसत नाही. मागून गेलं की ती दचकते. खांद्याच्या रेषेच्या थोडं मागं, हातभर अंतर ठेवून उभं राहिलं की ती पुढं सरकते. रेषेच्या पुढं आलं की थांबते, मागं होते. ओरडायचं नाही, काठी खाली. पहिल्यांदा वेळ जास्त लागतो. आठवड्याभरात निम्मा होतो. “काका, हे मला जमतंय का बघा” म्हणून सुरुवात कर, म्हणजे त्यांचा मान राहील.

त्यानंतरही थांबलं नाही, तर रजिस्टरात जनावराबद्दल लिही. ‘२७ नंबर, शेपटीच्या मुळाशी सूज, हात लावू देत नाही.’ माणसाचं नाव लिहू नको. तीन नोंदी झाल्या की पशुवैद्यांना विचारावंच लागतं, आणि तेव्हा विचारलं तर खरं सांग. तेव्हाही गप्प राहिलास तर मात्र तुला रात्री झोप लागू नये, असंच मी म्हणेन.

आता तुझ्या अंगाचं. याबद्दल पत्रात एक अक्षर नाही, म्हणून मला जास्त काळजी. तुझ्या घरी चार म्हशी आहेत. केंद्रातले गमबूट आणि कपडे घरी आणायचे नाहीत. तिथंच अंघोळ करून दुसरे कपडे घालायचे. लाळ-खुरकत बुटाच्या तळव्यावर बसून गावभर फिरतो, आणि तुझ्या घरून केंद्रातही जाऊ शकतो. विताना किंवा गाभ गेल्यावर जनावराला, वाराला, उघड्या हातानं शिवायचं नाही. लांब हातमोजे मागून घे. ब्रुसेला हा जनावरांचा रोग असाच माणसात येतो. संध्याकाळी चढणारा, पुन्हा पुन्हा येणारा ताप, रात्रीचा घाम, कंबर आणि सांधे धरणं, असं झालं तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांग, की मी जनावरांत काम करतो. तू सांगितलं नाहीस तर महिनाभर टायफॉइड समजून औषधं देतील. वासरांना ब्रुसेलाची लस टोचताना जपून राहा. त्या लशीत जिवंत जंतू असतात, सुई स्वतःच्या बोटाला लागली तर लपवायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू दे, रेबीजच्या आगाऊ डोसांबद्दल विचार. आणि दूध. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर काढलेल्या फेसाळ दुधाचा पेला मी वडिलांचं बोट धरून प्यायलेय, त्याची चव अजून जिभेवर आहे. तरी तुला सांगते, केंद्रातल्या जनावराचं कच्चं दूध तोंडाला लावू नको आणि घरचंही उकळूनच घे.

एजन्सीकडं कामाला आहेस म्हणून हेही बघ. पगारपत्रक हातात मिळतं का, पीएफ खरोखर भरला जातो का, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड आहे का? म्हशीनं लाथ मारून गुडघा गेला तर त्या कार्डाची किंमत कळते. नसेल तर लेखी विचार.

पोरांच्या बोलण्यावर मी फार शब्द घालणार नाही. शेण बघून जनावराच्या पोटाचा अंदाज घेता येणारा बीएस्सी त्या केंद्रात दुसरा कोण आहे, ते एकदा मोजून बघ. पुढं शिकायचं मनात असेल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच महामार्गावर आहे. तिथं जाऊन कोणकोणते अभ्यासक्रम आहेत, तुला कुठं प्रवेश मिळू शकतो, हे प्रत्यक्ष विचारून ये.

सोडायचं कधी, तेही सांगते. तू लिहिलेल्या नोंदी कुणी खोडायला सांगितल्या, जनावरांच्या पुढच्या सोयीचा कागदच दाखवला नाही, किंवा हातमोजे मागितल्यावर हसले, तर तिथं राहू नको. मामा तिथं तीस वर्षं राहिले. त्यांना दुसरीकडं जायला वाव नव्हता. तुला आहे.

सोमवारी सकाळी रस काढून झाला, की म्हशींच्या पुढच्या सोयीबद्दल मॅडमना विचार. त्या काय म्हणाल्या ते मला लिहून पाठव. एकेचाळीस नंबर दिवाळी पाडव्यापर्यंत तिथंच असेल, तर तिची शिंगं रंगवायची परवानगी मिळते का, तेही विचार. रंग चाटता येणार नाही असा आणि प्रयोगात न अडणारा हवा, एवढं सांभाळ.

तुझी,
ताई